तिसरा चष्मा

मास्तरांनी शेवटची ओळ घडाघडा वाचली, आणि मी थांबवायच्या आत तिच्याही खाली गेले. तक्त्याच्या अगदी कडेला, तो छापणाऱ्या छापखान्याचं नाव मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत असतं. तेही त्यांनी वाचलं, वर "छपाई बरी नाही, शाई फुटलीय," असा शेरा मारला. सत्तावीस वर्षं मी या चष्म्याच्या दुकानात लोकांना त्या तक्त्यासमोर बसवतेय, पण ते नाव वाचून दाखवणारं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं. "शाब्बास मास्तर," मी म्हटलं. आमचे वडील शिंपी. बाजारात सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, म्हणून आम्ही पोरांनीही तेच उचललं. बाबा वगैरे कुणी कधी म्हटलंच नाही. शाबासकी ऐकून ते खुर्चीत जरा ताठ झाले, इकडेतिकडे बघितलं आणि मला म्हणाले, "तुझी आई कुठे राहिली गं? मघापासून दिसत नाही." आई त्यांच्या उजव्या हाताला बसली होती. खुर्चीला खुर्ची लागून. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी काही बोलायच्या आत आई हसली, चांगली मोठ्यांदा हसली, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? मी काय सांगतेय! दिसतच नाही ह्यांना धड. या वेळी नंबर नीट काढ बाई. मागचे दोन्ही चष्मे तू काही धड केले नाहीस."

मी "हो" म्हटलं. सांगायला लाज वाटते, पण म्हटलं. समोरच्या कागदावर मी डाव्या-उजव्या डोळ्यांचे आकडे लिहिले. तेच आकडे, जे गेल्या हिवाळ्यात लिहिले होते आणि उन्हाळ्यात पुन्हा लिहिले होते. म्हातारपणी डोळ्यांचा नंबर एका जागी असा ठाण मांडून बसला तर घरच्यांनी खरं म्हणजे आनंद मानायला हवा. मी खाली वाकून कप्प्यातून फ्रेमा काढल्या. तपकिरी लावून पाहिली, काळी लावून पाहिली. मास्तर दर वेळी आरशात बघून "झकास" म्हणत होते, आणि आई दर वेळी "आता कसं स्वच्छ दिसतंय ना?" असं विचारत होती. फ्रेमांत अजून काचा बसलेल्याच नव्हत्या, नुसती भोकं होती. "एकदम स्वच्छ," मास्तर म्हणाले. मग दोघं पायऱ्या उतरून गेले. जाताना आईने त्यांचं कोपर असं धरलं होतं की लांबून बघणाऱ्याला वाटावं, म्हातारीलाच आधार लागतोय. मी काउंटरला टेकून उभी राहिले. मास्तरांनी शेजारी बसलेल्या आईला ओळखलं नाही, त्याने काळजात चर्र झालं हे खरंच; पण मला जास्त भीती वाटली ती आईच्या हसण्याची. त्या हसण्याला जराही वेळ लागला नव्हता. ते तयारच होतं, कितीतरी दिवसांच्या सवयीचं होतं. मालक आतून ओरडले, "बाई, बाहेर गिऱ्हाईक उभं आहे," आणि मी त्या गिऱ्हाइकाला काय दाखवलं, त्याने काय घेतलं, काही आठवत नाही. म्हणजे मलाही आठवत नाहीच की, असा एक विनोदही मनात येऊन गेला आणि माझा मलाच राग आला.

सुरुवात बाह्यांपासून झाली होती. गेल्या हिवाळ्यात मास्तरांनी एका वकिलाचा कोट कापला आणि दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या निघाल्या. ज्या माणसाने पन्नास वर्षांत कापडावरची खडूची रेघ कधी पुसली नाही, त्याने कापलेल्या. दादा, माझा थोरला भाऊ, त्यांच्याच दुकानात मशीनवर बसतो. कापायचं मास्तरांनी आणि शिवायचं दादाने, अशी वाटणी तो शाळा सोडून आला तेव्हापासूनची. त्याने गुपचूप तसलंच कापड पैदा केलं, बाही स्वतः कापली, वकिलाला ताकास तूर लागू दिली नाही, आणि मला फोन केला, "मास्तरांचा नंबर वाढलाय. चष्मा बदल त्यांचा." मला केवढं हायसं वाटलं! चष्मा म्हणजे माझा प्रांत. मी त्यांना बोलावलं, तपासलं, आणि नंबर होता तिथेच होता. मग मी काय करावं? नवी फ्रेम घेतली, तीत तोच नंबर बसवला आणि पेटीत घालून घरी नेऊन दिला. दादा म्हणाला, फरक पडला. आई म्हणाली, केवढा फरक पडला. मीही म्हटलं, पडणारच. मग उन्हाळ्यात एके दिवशी मास्तर दुकानातून निघाले ते थेट आमच्या जुन्या घरी गेले. ते घर सोडून बावीस वर्षं झालीत. तिथे घंटा वाजवली, आत गेले, आणि तिथल्या बाईंना पडदे का बदलले म्हणून चांगलंच फैलावर घेतलं. बाई बिचाऱ्या भल्या. त्यांनी पाणी दिलं, बसवलं, आणि गल्लीत फिरणाऱ्या पोस्टमनने मास्तरांना ओळखून घरी आणलं. आई म्हणाली, "गल्लीची पाटी दिसली नसेल. पाट्या तरी कुठे धड लावतात हल्ली?" दुसरा चष्मा. त्या खेपेला मी त्यांना आमच्या दुकानावरच्या मजल्यावर बसणाऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं तपासलं, हात धुतले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत यांचे. मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. उगाच वेळ काढू नका." आणि एका चिठ्ठीवर नाव, पत्ता, फोन नंबर लिहून दिला. ती चिठ्ठी मी काउंटरच्या खणात, चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या गाद्या ठेवायच्या डबीखाली सरकवली. तेव्हापासून ती तिथेच होती. तेव्हा मी कुणाकडे बोट दाखवायला नको.

तरी दाखवायची. बसमध्ये खिडकीशी बसून रोज मनातल्या मनात भाषणं ठोकायची. आई, तू त्यांचं तोंड बांधलंयस. दादा, तू कानांवर हात ठेवून बसलायस. मनातल्या भाषणात मी दर वेळी जिंकायची, समोरची मंडळी माना खाली घालायची, आणि स्टॉप आला की मी उतरून भाजी घेऊन घरी जायची. आईचं तर विचारूच नका. मास्तर म्हणायचे, "मला जरा ते दे, ते..." की आई म्हणायची, "वर्तमानपत्र." पुढे पुढे तर ते "मला जरा" एवढंच म्हणायचे आणि वर्तमानपत्र हातात यायचं, त्यांना पाणी हवं असलं तरी. कुणी भेटायला आलं की मास्तरांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आई देणार, आणि वर म्हणणार, "हे हल्ली कमी बोलतात." कधी बोलणार ते? त्यांना मधे फट तरी सापडायला हवी ना! एकदा मी चिडून म्हटलं, "आई, त्यांना बोलू दे की." तिने माझ्याकडे अशी नजर फिरवली की मी मूग गिळून बसले. ती नजर रागाची असती तर बरं झालं असतं. ती विनवणीची होती, आणि आईने मला विनवावं ही गोष्ट मला सहन होत नव्हती. सत्तर वर्षांच्या बाईने आपल्या पन्नाशीच्या मुलीला डोळ्यांनी म्हणावं, अगं, गप्प बस, एवढं माझं राहू दे.

त्या दिवशी संध्याकाळी दुकान सुटल्यावर मी बसला गेलेच नाही. चालत निघाले. चालताना मला मी सात वर्षांची असतानाची एक दुपार आठवत होती. तेव्हा मला फळ्यावरचं दिसायचं नाही, आणि ते मला माहीत नव्हतं. मला वाटायचं फळा सगळ्यांनाच असा पांढुरका दिसतो आणि बाकीची मुलं नुसती हुशार आहेत. बाई म्हणायच्या, लक्ष नाही हिचं. आई म्हणायची, लक्षच नाही कार्टीचं. एके दिवशी मी दुकानात बसले असताना मास्तर कटिंगच्या टेबलापलीकडून म्हणाले, "बारके, या बटणाला भोकं किती?" मी म्हटलं चार. त्यांनी दुसरं धरलं. मी म्हटलं दोन. तिसरं धरलं. मी म्हटलं चार. मग ते माझ्याजवळ आले आणि मूठ उघडून दाखवली, तर बटणं नव्हतीच, तीन वेळा त्यांनी नुसता खडूचा तुकडा धरला होता. मला रडू फुटलं, चोरी पकडल्यासारखं. त्यांनी तिथल्या तिथे कात्री ठेवली, भर गर्दीच्या वेळी दुकान बंद केलं आणि मला चष्म्याला नेलं. आईने घरी कपाळाला हात लावला, एवढ्याशा पोरीला चष्मा, लोक काय म्हणतील. मास्तर म्हणाले, "पोरीला दिसत नाही. एवढंच आहे. त्यात लाजायचं काय?" मला आजही तो आवाज ऐकू येतो, चढा नाही, समजुतीचा नाही, माप सांगावं तसा. तेव्हा डोळ्यांचं दुखणं होतं आणि सगळे म्हणत होते लक्ष नाही. आता लक्षाचं दुखणं आहे आणि सगळे म्हणतायत डोळे. आणि सगळ्यांत मी आहे, जी त्या एका वाक्यावर शिकली, नोकरीला लागली, माणूस झाली. मला रस्त्यातच स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली.

दुकानात दादा एकटा होता. मास्तर घरी गेले होते. मी आत शिरले तर तो स्टुलावर चढून माळ्यावर काहीतरी कोंबत होता, आणि मला बघून त्याचा चेहरा असा झाला की मी म्हटलं, "काय लपवतोयस?" "कुठे काय," तो म्हणाला, आणि त्याच क्षणी माळ्यावरचा ढीग घसरून आमच्या अंगावर आला. कोट. अर्धवट शिवलेले, नुसते कच्चे टाके घातलेले, काही तर फक्त कापलेले तुकडे दोऱ्याने बांधून ठेवलेले. मी मोजले, तेरा होते. "कुणाचे?" मी विचारलं. दादा स्टुलावरून उतरला, स्टुलावरच बसला. "कुणाचे नाहीत," तो म्हणाला.

हळूहळू सगळं बाहेर आलं. वकिलाच्या कोटानंतर दादाला मास्तरांच्या हाती गिऱ्हाइकाचं कापड द्यायची छाती होईना. आणि कात्री काढून घ्यायचीही होईना. मग त्याने युक्ती काढली. जुन्या माप-वह्यांतली मापं तो नव्या चिठ्ठ्यांवर उतरवायचा, चिठ्ठीला स्वस्तातलं कापड टाचायचा आणि सकाळी मास्तरांच्या टेबलावर ठेवायचा: मास्तर, नवी ऑर्डर. मास्तर दिवसभर कापत बसायचे. खरं काम दादा त्यांच्या पाठीमागे, ते जेवायला गेले की करायचा. गिऱ्हाईक मास्तरांना विचारत आलं की म्हणायचा, बाहेर गेलेत, मी घेतो माप. "वर्ष होत आलं," दादा म्हणाला. "मला झेपत नाही गं आता. दोन माणसांचं काम, वर हे नाटक." "मग सांगितलं का नाहीस? मला तरी?" "तू म्हणालीस ना चष्म्याने फरक पडला!" तो उसळून म्हणाला. "तू त्यातली माहितगार. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय." मी त्याच्याकडे बघत राहिले. मी दादावर विसंबून होते, दादा माझ्यावर, आई आम्हा दोघांवर. मी खाली बसले आणि कोटांच्या घड्या घालायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. घड्या घालता घालता म्हटलं, "आपण मास्तरांना डॉक्टरकडे न्यायचं. आणि आईसमोर बोलायचं." "आई तुला फाडून खाईल." "खाऊ दे." हे मी म्हटलं खरं, पण आवाजात उसनं अवसान होतं ते दादालाही कळलं.

सुट्टीच्या दिवशीही मास्तर दुकानात जातात. दार अर्धं उघडून टेबलाशी उभे राहतात, आणि आई बाकावर बसून बटणांची काजं करते. त्या दुपारी मी खणातली चिठ्ठी पर्समध्ये घालून गेले. शटर निम्मं खाली होतं, वाकून आत शिरावं लागलं. दादा मशीनशी नुसताच बसला होता. मास्तर तिसरा चष्मा लावून कापडावर टेप धरत होते, शेजारी चिठ्ठी, दादाच्या अक्षरातली. मी बसले. पाणी प्यायले. बसमधली सगळी भाषणं कुठे पळाली कुणास ठाऊक. शेवटी म्हटलं, "आई, मास्तरांच्या चष्म्याचा नंबर बदललेला नाही. तिन्ही वेळा नाही बदलला. मी खोटं बोलले." आईची सुई थांबली. "म्हणजे तुला नीट तपासता येत नाही," ती म्हणाली. "आई, त्यांचे डोळे चांगले आहेत. त्यांना विसरायला होतंय. डॉक्टरांना दाखवायला हवं. दादालाही माहीत आहे." दादाने मान खाली घातली, आणि घाबरलेला माणूस करतो तेच त्याने केलं. म्हणाला, "तसं फार काही नाहीये... आता वयोमानाने..." "ऐक! ऐक हा काय म्हणतोय," आई म्हणाली, आणि तिचा आवाज चढला. "काही झालेलं नाही ह्यांना. धडधाकट आहेत. रोज कामावर येतात. तुला काय, तुला महिन्यातून चार तास बघायचे, आणि वर डॉक्टर डॉक्टर. विचार ना ह्यांना! समोर उभे आहेत, विचार, काही होतंय का?" आणि मी विचारायच्या आत स्वतःच म्हणाली, "काही होत नाही त्यांना."

मास्तरांनी टेप गळ्यात टाकला. चिठ्ठी उचलली, चष्मा कपाळावर सरकवला आणि चिठ्ठी लांब धरून वाचायला लागले, त्या दिवशी तक्ता वाचला तसे नाही, सावकाश. "डावा खांदा पाऊण इंच उतरता. पाठीला बाक. उजवी बाही अर्धा इंच लांब." मग दादाकडे बघून म्हणाले, "अरे, हा बँडवाला. मोठा ढोल वाजवायचा. पट्ट्याने खांदा उतरला होता त्याचा. हा जाऊन आठ वर्षं झाली. मी होतो ना पोचवायला. माझ्याच हातचा कोट होता त्याच्या अंगात." त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. "त्याच्या आधीचा तो शाळेचा हेडमास्तर, तोही गेला. त्याच्या आधीचा कोण, ते उंच, एक पाय आखूड... ते आहेत की गेले, काय माहीत. दादा, कोट शिवून कुणाला घालणार आहेस?"

दादाचं तोंड उघडं राहिलं. "तुम्हाला... तुम्हाला कळत होतं?" "सकाळी काय खाल्लं ते विचारू नको," मास्तर म्हणाले. "पण माणसाचं अंग मी विसरत नाही." "मग बोलला का नाहीत मास्तर?" "तुला बरं वाटत होतं ना. रोज सकाळी एवढा जीव तोडून खोटं बोलतोस, म्हटलं, कापू या." मग माझ्याकडे वळले. "आणि ही. तीन चष्मे, तिन्ही सारखे. नाकावर इतक्या मायेने बसवते, म्हटलं, पोरीला काहीतरी करू द्यावं." ते हसत होते. मग हसू थांबलं, आणि शब्द शोधताना त्यांचा हात टेबलावर फिरायला लागला, काही चाचपत असल्यासारखा. आई पुढे सरकली, तिचे ओठ हलले. मास्तरांनी दुसरा हात वर केला. "थांब. मी बोलतो. अगं, मला होतंय विसरायला. दर वेळी कळतं असं नाही. पण कळतं तेव्हा बरोबर कळतं, आणि फार भीती वाटते. आणि तेव्हा तुमची तोंडं बघितली की बोलायची हिंमत होत नाही." एवढं बोलायला त्यांना किती वेळ लागला! मधे दोनदा तर वाटलं, राहिलं आता. पण शेवटापर्यंत त्यांचे ते बोलले.

मला रडू आलं आणि त्याच वेळी छातीवरचं काहीतरी उतरलं, इतकं खरोखरीचं, की मी हात लावून बघितलं. दादा तर दोन्ही तळहातांत तोंड घालून हुंदके देत होता आणि मधेच हसत होता, "बँडवाला! मी म्हटलं जुन्यातलं जुनं माप घ्यावं म्हणजे कळणार नाही..." मास्तर म्हणाले, "गाढवा, जुनंच तर पाठ आहे मला." यावर मीही हसले, नाक पुसत, वेड्यासारखी. फक्त आई हसली नाही. तिने हातातला कपडा घडी करून बाकावर ठेवला, सुई त्यात खोचली, आणि भिंतीकडे बघत, आमच्यातल्या कुणाकडेच न बघता म्हणाली, "पहाटे उठून दार उघडतात. दुकानाला उशीर झाला म्हणतात. गेल्या हिवाळ्यापासून. मी दाराला खुर्ची लावून तिच्यात बसते." "रोज?" दादाने विचारलं. "रोज." "मग तू झोपतेस कधी आई?" तिने या प्रश्नाचा विचार केला. जणू तो तिला कुणी कधी विचारलाच नव्हता, आणि विचारला नव्हताच. "बसल्या बसल्या लागतो डोळा," ती म्हणाली. "मला वाटलं, मी बोलले की ते खरं होईल." मग ती रडली. मास्तर टेबलामागून बाहेर आले आणि तिच्या शेजारी बसले, आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिले, कापडावरची सुरकुती काढतात तसा. ते त्या क्षणी सगळं ओळखून होते की नाही, मला सांगता येणार नाही. पण हात बरोबर फिरत होता.

मी पर्समधली चिठ्ठी काढली आणि दादाने तिच्यावरचा नंबर फिरवला. सुट्टी असूनही कुणीतरी उचललं, आणि बुधवारी सकाळी अकराची वेळ मिळाली. मी फोनच्या बाजूला उभी राहून "कधीपासून?", "औषधं कोणती?" याची उत्तरं दादाला पुरवत होते, खरी उत्तरं, तारखांसकट, आणि मला आश्चर्य वाटलं की सगळ्या तारखा मला तोंडपाठ होत्या. आज रात्रीपासून मी त्यांच्याकडे झोपायला जायचं आणि एक दिवसाआड दादाने, हे दोन मिनिटांत ठरलं. ज्यासाठी वर्षभर भाषणं केली ते दोन मिनिटांत. डॉक्टर काय सांगतील याचा धसका होताच, तो काही कुठे गेला नव्हता. मास्तर पूर्वीसारखे होणार नाहीत, हेही मला कळत होतं. पण आता ते कुणा एकट्याने जाणून बसायचं नव्हतं. मी वळून बघितलं तर आई बाकावर आडवी झाली होती. दादाने तेरा कोटांमधले दोन तिच्या उशाला दिले होते आणि एक अंगावर घातला होता, आणि ती झोपली होती, तोंड उघडं टाकून, भर दुपारी, एवढ्या उजेडात. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं. दादाने मशीनचं बटण बंद केलं.

तेवढ्यात शटरखाली दोन पाय दिसले आणि कुणीतरी वाकून आत डोकावलं. कोपऱ्यावरचा औषधवाला, जुनं गिऱ्हाईक, चांगला आडव्या अंगाचा. "उघडं दिसलं म्हणून आलो. मास्तर आहेत का? कोटाचं माप द्यायचं होतं." दादा उठला. मला त्याची मान मागून दिसत होती, आणि ती ताठ झाली ते मी बघितलं. बाहेर गेलेत, हे त्याच्या जिभेवर आलंच असणार. "आहेत," तो हळू आवाजात म्हणाला. "पण मास्तरांना आता विसरायला होतं. माप मी घेतो. कापायचंही मीच. चालेल?" औषधवाल्याने आत बघितलं, मास्तरांना हात केला, मास्तरांनीही केला. "चालेल की," तो म्हणाला. "आता घेतोस का?" एवढंच. दुकान कोसळलं नाही, कुणी पाठ फिरवली नाही. दादाने टेपासाठी मास्तरांपुढे हात केला, मास्तरांनी गळ्यातला काढून दिला, मी वही उघडली. औषधवाला आत येऊन छाती काढून उभा राहिला. दादाने कमरेला टेप लावला आणि आकडा सांगणार, तोच मास्तर बाकावरून, आई जागी होणार नाही इतक्या बेताने म्हणाले, "अरे, आधी श्वास सोडायला सांग त्याला. सगळे पोट आत ओढून उभे राहतात."

औषधवाला हसला आणि त्याने श्वास सोडला. टेप तीन इंच सरकला. दादाने आता आलेला आकडा सांगितला आणि मी तोच लिहिला.